मिठाची वेलांटी

एका गावात एक वाढपी होता आणि त्याची एक पळी होती. दोघांत वजनदार कोण, ते गावाला कधी ठरवता आलं नाही. वाढप्याचं नाव सखाहरी. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, पंगत बसली की सखाहरी पळी घेऊन उभा. माणूस "बास, बास" म्हणून पानावर आडवा हात धरायचा, आणि हा बोटांच्या फटीतून आमटी सोडायचा. पाव्हणे शिव्या घालायचे. आणि पुढच्या लग्नाचं आवतण आलं की तेच पाव्हणे विचारायचे, "तो मेला येनार हाय ना वाढायला?"

पंगतीत पानावर पहिलं काय पडतं? मीठ. वरच्या बाजूला, चिमूटभर. मग लिंबू, मग चटणी, मग बाकीचा लवाजमा. मीठ पडेपर्यंत पान म्हणजे नुसता झाडाचा पाला. तर हे पहिलं मीठ वाढायचा मान सखाहरीचा. दुसऱ्या कुणी मिठाच्या वाटीला हात लावला, की तो पळीच उगारायचा.

हे मीठ ध्यानात ठेवा. पुढं कामाला येणार आहे.

सखाहरी शाळेत गेला होता. हसू नका, खरंच गेला होता. दुसरीत गुरुजींनी शुद्धलेखन घातलं. सखाहरीनं पाटीवर लिहिलं 'मिठ'. गुरुजींनी हातावर छडी ओढली. "मिरची, पहिली वेलांटी! मीठ, दुसरी वेलांटी! म्हण!" सखाहरीनं रडत रडत म्हटलं. हात सुजला, पण वेलांटी डोक्यात अशी बसली, की जन्मात निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वाक्य घातलं. सखाहरीनं छाती पुढं काढून लिहिलं 'मीठाला चव आहे'. दुसरी वेलांटी, चांगली लांब, शेपटीसारखी. गुरुजींनी पुन्हा छडी उचलली. "अरे टोणग्या, नुसतं मीठ असेल तेव्हा दुसरी, पण…"

पण काय, ते ऐकायला सखाहरी वर्गात नव्हता. तो खिडकीतून उडी टाकून ओढ्यापलीकडं पोचला होता. एकाच मिठापायी दोनदा मार? असली शाळा चुलीत घाला, म्हणला. तो जो गेला, तो परत काही शाळेची पायरी चढला नाही. गुरुजींचं वाक्य तिथंच अर्धं राहिलं.

तरी गावात सखाहरीला वाचणारा म्हणत. एस्टीची पाटी तो वाचायचा. भिंतीवरची रंगवलेली अक्षरं वाचायचा. अक्षर हत्तीएवढं असलं की सखाहरी पंडित. बारीक अक्षर आलं, की म्हणायचा चष्मा घरी राहिला. घरी चष्मा नव्हताच.

त्याची बायको सोजरबाई. तिला अक्षर म्हणजे काळ्या मुंग्या. पण गिरणीवर दळण घेऊन गेली, की चारचौघींत सांगायची, "आमचं धनी वाचत्यात बरं का." हे सांगताना तिचं तोंड असं उजळायचं, की गिरणीवाल्याला दिवा लावायची गरज पडू नये. एकदा तिच्या भावाचं पत्र आलं. भावानं लिहिलं होतं, म्हैस मेली. सखाहरीनं पत्र लांब धरलं, जवळ धरलं, आणि वाचलं, म्हैस व्याली. सोजरबाईनं हौसेनं निरोप धाडला, खरवस पाठव. भाऊ वर्षभर बोलला नाही. का बोलला नाही, ते तिला कधी कळलंच नाही. सखाहरीला मागनं कळलं, पण तो मिशीत हसून गप्प बसला.

म्हैस होती तोवर हसून निभावलं.

सोजरबाईच्या हाताला चटणी होती. चुलीत टमाटे भाजायचे, मिरच्या भाजायच्या, लसणाचा गड्डा, कोथिंबीर, आणि मुठीतनं खडे मीठ. पाट्यावर वरवंटा फिरला, की शेजारच्या घरात लोक जेवायला बसायचे. सखाहरी गावभर लाडू-जिलबी चापून यायचा, आणि घरी येऊन चतकोर भाकरीवर ती चटणी मागायचा. "पंगतीत पोट भरतं सोजरे," म्हणायचा, "जेवण घरीच व्हतं."

मग एका उन्हाळ्यात सोजरबाईचे पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. दोन हंडे आणले की धाप. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं, आणि म्हणले, "हृदय थकलंय यांचं. गोळ्या देतो. पण गोळीपेक्षा मोठं काम घरी आहे. मीठ बंद. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. ते पाणी आधी पायात साठतं, मग छातीत. दिवसाला चिमूटभर, त्याच्यावर नाही. लोणचं नाही, पापड नाही, चटणी नाही."

"चटणी न्हाई?" सोजरबाईनं विचारलं. जणू डॉक्टरांनी माहेर बंद केलं.

घरात अळणी सुरू झालं. अळणी डाळ, अळणी भाजी, अळणी भाकरी. सखाहरीही घरी तेच खायचा. पंगतीत त्याला खारट मिळत होतं, ते सोडा. सोजरबाईला पंगत नव्हती. पहिले चार दिवस तिनं गिळलं. मग घास तोंडात फिरायला लागला. मग ताट सरकायला लागलं. "हे गुरांचं हाय," म्हणायची. "गुरंबी दावनीला मिठाचा खडा चाटत्यात. मी गुरांच्या खाली गेले वं." महिन्यात तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. सूज उतरली होती, पण सूज उतरल्यावर खाली बाई फारशी राहिली नव्हती.

सखाहरीला काही सुचेना. ज्यानं अख्ख्या तालुक्याला आग्रह करकरून जेवायला घातलं, त्याची स्वतःची बायको त्याच्याच घरात उपाशी. तो पळी घेऊन तिच्यापुढं बसायचा, सोंगं करायचा, पाव्हण्यांच्या नकला करायचा. ती हसायची. हसून झालं की ताट सरकवायची.

गावाबाहेर मोठा रस्ता झाला होता, आणि रस्त्यावर एक दुकान. गाडीवाले लोक उतरायचे, म्हणून दुकानात कसल्या कसल्या बाटल्या होत्या. गल्ल्यावर दुकानदाराची सून बसायची. पूनम तिचं नाव. बारावी झालेली, बोलायला गोड. सखाहरी तिथं गुळाला गेला होता. बघतो तर फळीवर लाल बाटल्या, आत टमाट्याचे तुकडे, मिरची, कांदा.

"हे काय गं?"

"सालसा आहे, आबा."

"कशाची साल?"

"साल नाही हो, सालसा. टमाट्याची चटणीच, पण परदेशी पद्धतीची, इथंच बनवलेली. गाडीवाले नेतात."

सखाहरीनं बाटली उचलली. पुढच्या बाजूला हत्तीएवढी मराठी अक्षरं होती. त्याला भरून आलं. त्यानं मोठ्यांदा वाचलं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं. "फॅट शून्य. साखर शून्य. कोलेस्टेरॉल शून्य." यातला फॅट कोण आणि कोलेस्टेरॉल कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. पण शून्य त्याच्या चांगल्या ओळखीचं. गुरुजींनी त्याला दुसरं काही दिलंच नव्हतं.

मनात म्हणला, ज्यात सगळंच शून्य, त्यात मीठ कुठनं येणार?

पूनमला सोजरबाईचं पथ्य माहीत होतं. तिनं हात पुढं केला. "आबा, काकूंसाठी ना? मागं बारीक अक्षरात खरं काय ते लिहिलेलं असतं. आणा, मी वाचते."

बाटलीच्या मागं खरंच बारीक अक्षर होतं, आणि त्याच्यावर थोडी तिरकी, दुकानाची किमतीची चिठ्ठी चिकटवलेली होती. चिठ्ठी सोलायची आणि वाचायचं, एवढंच काम. पण दुकानाच्या बाकड्यावर चौघेजण बसले होते. चौघांच्या घरच्या पंगती सखाहरीनं वाढल्या होत्या. चौघांच्या बायकांनी गिरणीवर ऐकलं होतं, सोजरचा नवरा वाचतो.

सखाहरीनं बाटली छातीशी धरली. "पोरी, तू पाळण्यात व्हतीस तवापासनं वाचतोय मी. मला वाचून दावती व्हय?"

चौघे हसले. पूनमनं हात मागं घेतला.

घरी येऊन सखाहरीनं पान मांडलं. भाकरी ठेवली, आणि भाकरीवर आपल्या हातानं पळीभर सालसा वाढली. सोजरबाईनं घास घेतला. तिचे डोळे मोठे झाले.

"अवं, ही तर खारट लागतीया."

"छ्या. टमाटा आंबट, मिरची तिखट. दोघं मिळून जिभेला गंडवत्यात. परदेशी हिकमत हाय ती."

"मीठ न्हाई ना पर ह्यात?"

"न्हाई."

"तुमी वाचलंय न्हवं?"

सखाहरीनं बाटलीकडं बघितलं, मग बायकोकडं. महिन्यात पहिल्यांदा तिच्या ओठाला रस लागला होता.

"वाचलंय," म्हणला.

"मंग झालं," म्हणली, आणि दोन भाकरी खाल्ल्या.

तिच्या जिभेनं खरं सांगितलं होतं. पण जीभ काही शाळेत गेली नव्हती.

मग काय, घरात दिवाळी. सकाळी पळी, दुपारी पळी. बाटलीत साऱ्या चार पळ्या. दोन दिवस झाले, की सखाहरी दुकानात. सोजरबाईच्या गालावर मांस चढलं. ती पुन्हा गिरणीवर जाऊन सांगू लागली, "पथ्याची चटणी खाते मी. धन्यांनी वाचून हुडकून काढली." रिकामी बाटली ती टाकायची नाही. हौदात बुडवून घासायची. दुकानाची चिठ्ठी पाण्यात सुटून जायची. कंपनीचा कागद मात्र पक्का बसायचा. एकदा सखाहरी तो खरवडायला बसला, तर तिनं बाटली हिसकावली. "राहू द्या. तुमचं वाचलेलं हाय ते."

त्या बाटल्यांत तिनं मोहरी भरली, जिरं भरलं, तीळ भरले. आणि चुलीसमोरच्या फळीवर ओळीनं मांडल्या. पुढची मोठी अक्षरं भिंतीकडं, मागची बारीक अक्षरं घराकडं. तिला दोन्ही सारखीच. रोज दोन्ही वेळा नवरा-बायको त्या फळीसमोर बसून जेवायचे.

पाऊणएक महिना गेला, आणि पाय पुन्हा सुजले. आधी वाटलं, मांस चढतंय. गालावरचं मांस म्हणजेही सूजच होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात यावं? मग धाप लागली. मग आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसू लागली.

डॉक्टरांनी पाय दाबून बघितला. "मीठ खाताय."

"ह्यांच्या गळ्याची शपथ," सोजरबाई म्हणली, "खडा तोंडात टाकला न्हाई."

ती खरंच बोलत होती. म्हणूनच डॉक्टर गोंधळले. "मग बाहेरचं काही? पाकिटातलं? बाटलीतलं?"

"एक चटणी हाय," सखाहरी म्हणला. "पर तिच्यात सगळं शून्य हाय."

"कुणी वाचलं?"

"ह्यांनी," सोजरबाई म्हणली. एवढ्या धापेत, पण तोंड तसंच उजळलं.

"पुढच्या खेपेला ती बाटली घेऊन या, बाबा," डॉक्टर म्हणले. "इथं वाचू."

इथं वाचू. सखाहरी मनानं लहानपणीच्या वर्गात उभा राहिला, हात पुढं करून. डॉक्टर म्हणणार, हं बाबा, वाचा. शेजारी सोजर बसलेली असणार. आणि बारीक अक्षर.

पुढच्या खेपेला तो बाटली विसरला. त्याच्या पुढच्या खेपेलाही विसरला. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. गोळी अंगातलं पाणी काढायची, पळी परत भरायची. दोघींची शर्यत लागली होती. पळी सखाहरीच्या हातात होती.

त्याला शंका आली नव्हती, असं नाही. एका दुपारी सोजरबाई भिंतीला टेकून पेंगत होती. सखाहरीनं नवी बाटली घेतली आणि मागच्या अंगणात ऊन बघून बसला. बाटली उलटी केली. मुंग्याच मुंग्या. त्यानं एकेक मुंगी बोटानं धरली. कुठं 'ए' लागला, कुठं 'का', कुठं 'त'. घाम फुटला. बोट सरकत सरकत दुकानाच्या चिठ्ठीपाशी आलं. चिठ्ठीच्या कडेला एकच अक्षर बाहेर डोकावत होतं. बाकीचा शब्द चिठ्ठीखाली.

अक्षर होतं 'मि'.

म ला वेलांटी. हे मिठाचं तर नव्हे?

त्यानं डोळे फाडून वेलांटी बघितली. पहिली. पहिलीच. आणि साठ वर्षं मागनं गुरुजींचा आवाज आला. मिरची, पहिली वेलांटी! मीठ, दुसरी वेलांटी! सखाहरीनं मोठा श्वास सोडला. म्हणजे मिरची. मिरचीचंच काहीतरी लिहिलंय. जन्मात एकच धडा पक्का केला होता, आणि तो आज उपयोगी पडला. त्याला गुरुजींच्या छडीचे पाय धरावेसे वाटले.

पण तो उठला नाही. नख आपोआप चिठ्ठीच्या कोपऱ्याशी गेलं. कोपरा उचकटला. ओढली असती तर निघाली असती, एवढी ती सैल होती.

आणि खाली दुसरंच काही निघालं तर? मग इतके दिवस आपण काय वाढलं? सोजरला काय सांगायचं? वाचतो म्हणणारा नवरा वाचत नव्हता, हे सांगायचं? आयुष्यभर ती ज्याच्यावर उजळली, तो दिवा कधी लागलाच नव्हता, हे?

सखाहरीनं नखानं कोपरा परत दाबून बसवला.

तेवढ्यानं मन निवेना, म्हणून उठून दुकानाकडं चालू लागला. पूनमला म्हणावं, पोरी, एवढं वाच. रस्ताभर पाठ केलं. पायरीपर्यंत पोचला. बाकड्यावर तेच चौघे.

"काय वाचनारं आबा, आज काय नेता?" एकानं टोमणा हाणला.

सखाहरीनं पूनमकडं बघितलं. तिनं वर बघितलं. तोंडापर्यंत आलेलं त्यानं गिळलं.

"सालसा दे एक," म्हणला.

शेवटच्या दिवसांत सोजरबाई फारशी बोलत नव्हती. बोलायला श्वास लागतो, आणि तो तिला बसून राहायलाच पुरत नव्हता. पाय मडक्यासारखे. एका सकाळी तिनं नवऱ्याला जवळ बोलावलं.

"आज कमी वाढा," म्हणली. "गळ्याखाली उतरत न्हाई."

त्यानं पळी अर्धी केली. तिनं बोट लावून चाटलं.

"अवं," म्हणली, "शिकलेला नवरा मिळाला म्हनून पथ्य तरी नीट झालं. आडान्याच्या घरात असते, तर कवाच गेले असते."

सखाहरीच्या हातातनं पळी पडली. तोंड उघडलं. आता तरी सांगावं. आता तरी. पण तिच्या तोंडावर तो उजेड होता, आणि तो विझवायचं धाडस त्याला झालं नाही. वाकून त्यानं पळी उचलली आणि धुवायला गेला. परत आला तेव्हा सांगायला कुणी नव्हतं.

खाल्ल्या मिठाला माणसानं जागावं म्हणतात. सोजरबाईनं खाल्लेलं मीठ तिच्या अंगात जागंच राहिलं, आणि ती तेवढी निजली.

तेराव्याला गाव लोटला. सखाहरीनं सगळ्यांच्या घरची तेरावी वाढली होती, म्हणून त्याच्या घरच्या तेराव्याला सगळे पळ्या घेऊन आले. पण मिठाच्या वाटीला कुणी हात लावला नाही. मीठ आबांच्याच हातचं, म्हणले. गेलेल्या माणसाचं पान आधी मांडतात. ते चुलीसमोर मांडलं होतं.

पूनम स्वयंपाकाला मदत करत होती. फोडणीला मोहरी हवी, म्हणून तिनं फळीवरची बाटली उचलली. मोहरी ओतली, आणि नजर सहज बाटलीवर गेली. तिथं चिठ्ठी नव्हती. सोजरबाईनंच ती कधीची धुऊन टाकली होती. पूनम वाचत राहिली. तिच्या हातातला चमचा कढईत तसाच राहिला, मोहरी जळाली.

"आबा," ती म्हणली. "इथं तर मिठाचं लिहिलंय."

"मिरचीचं," सखाहरी म्हणला.

"मिठाचं, आबा. हे बघा. 'मिठाचे प्रमाण'."

"पहिली वेलांटी हाय ती, पोरी. मिठाला दुसरी असती. मार खाऊन शिकलोय मी."

पूनम काही त्याची चूक काढायला बोलली नाही. तिच्या तोंडून ते आपोआप आलं, शाळेत पाठ केलेलं येतं तसं. "नुसतं मीठ असेल तेव्हा दुसरी. पण मिठाला, मिठाचे, मिठाने, असं लिहिताना पहिली होते, आबा."

नुसतं मीठ असेल तेव्हा दुसरी, पण. साठ वर्षं अर्धं राहिलेलं वाक्य त्याच्या घरात येऊन पुरं झालं.

सखाहरीनं फळीकडं बघितलं. बाटल्यांची ओळ. प्रत्येकीचं बारीक अक्षर घराकडं तोंड करून, उघडं, स्वच्छ घासलेलं. रोज दोन्ही वेळा तो त्याच्याच समोर पळी घेऊन बसला होता.

"किती?" त्यानं विचारलं.

"एका वाढणीत अर्धा ग्रॅम."

"एक वाढणी म्हंजे एक पळी. अर्धा ग्रॅम तर काहीच न्हाई."

पूनमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पळी नाही, आबा. पुढं लिहिलंय. एक वाढणी म्हणजे दोन चमचे."

वाढपी होता तो. जन्मभर वाढणीच केली होती. त्यानं कोपऱ्यातली आपली पळी बघितली. तिच्यात असल्या चार वाढण्या बसत होत्या.

"मी वाचते म्हणले होते," पूनम हुंदक्यात म्हणली.

"व्हय," सखाहरी म्हणला. "म्हणली व्हतीस."

बाहेर पंगत बसली होती. आतल्या पानाचं वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलणार नव्हतं. सखाहरी चुलीसमोर बसला. त्यानं सोजरबाईच्या पानात भात वाढला. वरण वाढलं. भाजी, खीर, वडा, सगळं आपल्या हातानं, जागच्या जागी. पानाचा वरचा कोपरा मोकळा राहिला.

दारातून कुणीतरी हळूच म्हणलं, "आबा, मीठ राहिलं."

सखाहरीनं मिठाची वाटी उचलली, आणि लांब, भिंतीशी सरकवून ठेवली.

"तिला बंद हाय," म्हणला.

तात्पर्य: बाटलीवरचं मोठं अक्षर विकायला असतं आणि बारीक अक्षर सांगायला, म्हणून बारीक आधी वाचावं. आणि वाचता येत नसेल तर "मला येत नाही, तू वाच" एवढं म्हणावं. ही लाज बाकड्यावरच्या चौघांपुढं घटकाभराची असते, पण गिळली तर ती आपल्या माणसाच्या पानात वाढली जाते.